पंचनामा कुणी करायचा? 'लॉस अँड डॅमेज' फंडामागची ३० वर्षं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच फुगल्या, चिकोडी-निपाणीकडं कल्लोळ-यडूरचा पूल नेमका कुठं आहे ते नुसतं अंदाजानं सांगायची पाळी आली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या आत्याच्या घरी गेलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ, साड्यांचा चिखलगोळा झालेला आणि पोत्यातला शाळू फुगून आंबलेला, तो वास अजून नाकातनं जात नाही. मग पंचनामा. भिंत पूर्ण पडली की अर्धी, जनावरं किती, उतारा दाखवा, पासबुक दाखवा.

तेव्हा आमच्याकडं भांडण एकच चाललेलं, अलमट्टीनं पाणी अडवलं का कोयनेतनं जादा सोडलं. त्याच्याही मागचा प्रश्न कोण विचारत नव्हतं. हवा १ अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि मग ओतते ते एकदम ओतते. एका पुराचं सगळं खापर त्यावर फोडता येत नाही हे खरं, पण हवा तापवली कुणी आणि नुकसान सोसतंय कोण, याचा पंचनामा करा म्हणून जगातले गरीब देश १९९१ पासून मागं लागलेत. 'लॉस अँड डॅमेज' म्हणजे हेच, हवामान बदलानं झालेलं नुकसान.

पहिली मागणी आली वानुआतूकडून. पॅसिफिक समुद्रातला बेटांचा एवढासा देश, पण हवामान कराराचा मसुदा चाललेला असताना सगळ्या छोट्या बेटांच्या वतीनं त्यांनी मांडलं की समुद्र चढून आमची जमीन जाणार आहे तर श्रीमंत देशांच्या पैशातनं एक विम्याचा फंड काढा. १९९२ ला रिओत करार झाला, त्यात विमा हा शब्द कुठंतरी राहिला, फंड काही राहिला नाही. एक तत्त्व मात्र पक्कं बसलं, जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, ज्यांनी आधीपासून जास्त धूर सोडला त्यांनी जास्त उचलायचं. पुढची सगळी ओढाताण या एका वाक्यावरच आहे. १९९७ ला श्रीमंत देशांवर धूर कमी करायचं बंधन घालणारा क्योटो करार व्हायच्या आधीच अमेरिकन सिनेटनं ९५ विरुद्ध ० मतांनी ठरवून टाकलं की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्ही सही करायची नाही.

आपल्याकडं कृष्णेचं पाणी वाटायला १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला, २०६० टीएमसीचा हिशोब तीन राज्यांत मांडला गेला, तो पटो न पटो पण बसायला एक जागा होती आणि निकाल मानायला लागत होता. देशादेशांत तसा लवादच नाही, १९० च्या वर देश एकमतानं जे म्हणतील तेवढंच होतं, त्यामुळं एकानं नाही म्हटलं की गाडी थांबली.

२०१३ ला फिलिपिन्समध्ये हैयान वादळानं हजारो माणसं गेली, त्याच आठवड्यात वॉर्सोची हवामान परिषद सुरू झाली आणि 'लॉस अँड डॅमेज'साठी एक यंत्रणा तयार झाली, पण पैशाशिवाय. २०१५ च्या पॅरिस करारात त्याला स्वतंत्र कलम मिळालं, मात्र सोबतच्या निर्णयात अमेरिकेच्या आग्रहानं लिहून घेतलं गेलं की या कलमाच्या आधारे कुणाला भरपाई मागता येणार नाही. म्हणजे पंचनामा करा, पण रकमेचा रकाना कोरा ठेवा. मला विचाराल तर सगळ्यात चीड आणणारी ओळ हीच.

गाडी हलली ती २०२२ मध्ये. पाकिस्तानात पुरानं ३ कोटींच्या वर लोकांना फटका बसला आणि त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपदही पाकिस्तानकडंच होतं, इजिप्तच्या परिषदेत त्यांनी विषय लावूनच धरला आणि फंड मंजूर झाला. २०२३ ला दुबईत पैसे जाहीर व्हायला लागले, यूएई १० कोटी डॉलर, जर्मनी १० कोटी, आणि अमेरिका फक्त पावणेदोन कोटी. २०२५ च्या मार्चमध्ये तर अमेरिका फंडाच्या बोर्डावरनंच उठून गेली.

यात भारत-चीनचं काय हेही विचारलं जातं आणि विचारायलाच पाहिजे. चीन आज धूर सोडण्यात पहिला, भारत तिसरा, तरी १९९२ च्या करारातल्या यादीप्रमाणं दोघंही विकसनशीलच. पण भारताचं माणशी उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आत्यासारखी माणसं त्या सरासरीतच येतात, त्यामुळं भारताची बाजू मला पटते, चीनला त्याच पंगतीत बसवणं आता पटत नाही.

आणि वानुआतू? ते थांबलेच नाहीत. २०२३ ला त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडून ठराव करून घेतला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. २३ जुलै २०२५ ला न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, ती मोडली तर भरपाईही द्यावी लागू शकते. मत सल्ल्यापुरतं आहे, बंधनकारक नाही, पण पॅरिसमध्ये जो शब्द दारातच अडवला होता तो आता न्यायालयाच्या कागदावर आलाय.