खासदार साहा आणि शासनाचा वैशाख

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर दोन तारखा असतात. एक इंग्रजी, दुसरी शके. १ मे २०२४ ही तारीख या दुसऱ्या पद्धतीने 'वैशाख ११, शके १९४६' अशी पडते. गंमत म्हणजे त्या दिवशी घरच्या पंचांगात अजून चैत्र वद्यच चालू होता. शासनाचा वैशाख असा वेगळा पडतो, त्यामागे एक खासदार आहेत, आणि ते होते खगोलभौतिकशास्त्रज्ञ.

मेघनाद साहा. ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याच्या वातावरणाचे तापमान सांगता येईल असे समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडले. १९५२ मध्ये वायव्य कलकत्त्यातून अपक्ष म्हणून ते लोकसभेवर निवडून आले. विरोधी बाकावरून त्यांनी सरकारला फारसे सुखाने बसू दिले नाही. नद्यांचे पूर हा त्यांचा जुना विषय, कारण बंगालमधल्या पूरग्रस्तांसाठी त्यांनी तरुणपणीच काम केले होते. अणुऊर्जेचे काम गुप्ततेच्या पडद्याआड चालते, यालाही त्यांचा आक्षेप होता. १९५४ मध्ये लोकसभेत अणुऊर्जेवर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी तो उघडपणे मांडला. धोरण बदलले नाही.

कॅलेंडरचे काम मात्र त्यांच्याच हाती आले. नोव्हेंबर १९५२ मध्ये सरकारने देशासाठी एकच कॅलेंडर ठरवायला साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे चालत होती. समितीत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. पंचांगशुद्धीचा वाद महाराष्ट्राला नवा नव्हताच. खुद्द लोकमान्य टिळक त्यात उतरले होते.

वादाचे मूळ पृथ्वीच्या आसात आहे. भोवरा मंदावताना त्याचा दांडा जसा गरगरतो, तसा हा आसही गरगरतो, पण अतिशय हळू. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, तर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे भरते. पंचांगे सहसा हे ताऱ्यांचे वर्ष धरतात. फरक जेमतेम वीस मिनिटांचा; पण सत्तर वर्षांत तो एक दिवस होतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात एकाच सुमारास येत असे. आज सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो आणि आपण तिळगूळ वाटतो तीन आठवड्यांनी.

समितीने नागरी वर्ष ऋतूंना बांधले. वर्षारंभ वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होण्याच्या, दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला. लीप वर्षी २१ मार्चला. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि पुढचे सगळे ३०चे. ही वाटणी मला फार आवडते. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि सावकाश चालते, म्हणून त्या बाजूचे महिने लांब. 'फेब्रुवारीत २८च दिवस का' या प्रश्नाला इतके नीटस उत्तर नाही.

लोकांनी मात्र ते उचलले नाही. आपल्या मनात महिना चंद्राला बांधलेला असतो. चैत्र म्हटला की पाडवा, वैशाख म्हटला की अक्षय तृतीया. आणि ज्या वैशाखाच्या ११ तारखेला चंद्र कोणत्याही कलेचा असू शकतो, तो आपल्याला परका वाटतो. साहांचे गणित बिनचूक होते, पण महिन्यांना तीच जुनी नावे देऊन त्यांतून चंद्र काढून घेणे ही माझ्या मते चूक झाली. नावे नवी असती, तर निदान दोन वैशाखांचा घोळ टळला असता.

अहवाल १९५५ मध्ये आला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना साहांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. त्यानंतर तेरा महिन्यांनी, २२ मार्च १९५७ रोजी, राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पहिला दिवस उजाडला: चैत्र १, शके १८७९.