सॅक्सनीचे ‘फीअर-का’ : चार आस, दोन बोगी आणि ५० मीटरचे वळण

जर्मनीच्या सार्वजनिक नॅरोगेज मार्गांसाठी (लष्करी रेल्वे सोडून) एकाच नमुन्याची सर्वाधिक वाफेची इंजिने बनली ती सॅक्सनी या पूर्वेकडच्या राज्याच्या ‘फीअर-का’ची. १८९२ ते १९२१ या काळात केम्निट्झच्या हार्टमान कारखान्यातून अशी ९६ इंजिने बाहेर पडली. ‘फीअर’ म्हणजे चार, म्हणजे चौथा नमुना. ‘का’ हे अक्षर नॅरोगेजची खूण. पाणी बाजूच्या टाक्यांत आणि कोळसा केबिनमागच्या पेटीत, त्यामुळे मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा (टेंडर) नाही. आकडे लहानच आहेत: चाकांचा व्यास ७६० मिलिमीटर, वेग ताशी ३० किलोमीटर. तरीही या इंजिनाची रचना गुंतागुंतीची का झाली, हे समजायला आधी रूळ पाहावे लागतात.

सॅक्सनीची पहिली नॅरोगेज गाडी १७ ऑक्टोबर १८८१ रोजी विल्काऊ ते किर्शबर्ग धावली. गेज ७५० मिलिमीटर. डोंगराळ भागातल्या गिरण्या, कागद कारखाने आणि लाकूड कापणारे कारखाने नदीकाठच्या चिंचोळ्या खोऱ्यांत होते. बोगदे आणि पूल टाळायचे म्हणून रूळ नदीबरोबर वळत गेले, आणि वळणांची त्रिज्या काही ठिकाणी ५० मीटरपर्यंत खाली आली. सुरुवातीची तीन आसांची आखूड ‘का’ इंजिने तिथून निघत, पण गाड्या वाढल्यावर त्यांची ताकद पुरेना. जास्त ओढायचे तर चाकांवर जास्त वजन हवे. रूळ हलके असल्याने एका आसावर सुमारे ७ टनांपलीकडे जाता येत नव्हते. म्हणून चौथा आस आला. आणि चार आस एकाच ताठ फ्रेमला बसवले की अशा वळणात चाकांच्या कडा रुळाला घासतात, रूळ झिजतो, इंजिन उतरण्याची भीती राहते.

यावर आधी दोन उपाय करून पाहिले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या हॉथॉर्न कंपनीकडून दोन फिरत्या चाकचौकटींवर बसवलेली दोन फेअर्ली इंजिने आली. १८८९ पासून तिसरा नमुना आला. त्यात क्लोज पद्धतीच्या दांड्या टोकाचे आस वळणाप्रमाणे फिरवत. सांधे फार, देखभाल जिकिरीची, म्हणून तो सहा इंजिनांवर थांबला.

चौथ्या नमुन्याने फ्रान्सच्या मेयर यांची कल्पना घेतली. बॉयलर आणि टाक्या वर, खाली प्रत्येकी दोन आसांच्या दोन बोगी, म्हणजे डबे नव्हेत, तर वळणाप्रमाणे फिरणाऱ्या चाकचौकटी. एका बोगीतल्या आसांमधले अंतर फक्त १.४ मीटर, म्हणून ती आखूड वळणातही अडत नाही. सिलिंडर दोन्ही बोगींच्या आतल्या टोकांना, समोरासमोर. बॉयलरची ताजी वाफ आधी मागच्या बोगीच्या २४० मिलिमीटरच्या सिलिंडरांत काम करते. तिथून निघालेली वाफ जोडनळीने पुढच्या बोगीच्या मोठ्या सिलिंडरांत जाते. तिथला व्यास ४०० मिलिमीटर धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून थोडे जास्त भरते. दाब उतरलेल्या वाफेला एवढी जागा द्यावीच लागते. तीच वाफ दोनदा वापरल्याने कोळसा वाचतो.

या व्यवस्थेची खरी किंमत त्या नळ्यांत आहे. बोगी फिरते, बॉयलर फिरत नाही, म्हणून वाफेच्या नळ्यांना हलते सांधे लागतात. पॅकिंग झिजले की वाफ गळते, ओढ कमी होते आणि थंडीत पांढऱ्या ढगामुळे ड्रायव्हरला पुढचे नीट दिसत नाही. जोडनळी थंड असताना निघाले तर तिच्यात वाफेचे पाणी होते. ते पिस्टनपुढे अडकून सिलिंडरचे झाकण फुटू नये म्हणून निघताना सिलिंडरचे नळ उघडे ठेवावे लागतात. पुढच्या सिलिंडरांना तोवर वापरलेली वाफ मिळालेलीच नसते, म्हणून सुरुवातीला त्यांच्यात थोडी ताजी वाफ सोडावी लागते.

एक गुण मात्र आपसूक मिळाला. मागची बोगी जागच्या जागी घसरली की तिची वाफ जोडनळीत तुंबते, उलट दाब वाढतो आणि घसरणे थांबते. पुढची घसरली तर नळीतला दाब उतरतो आणि तीही सावरते. चढावर ओल्या रुळांवर याचे मोल फार.

सॅक्सनीने पर्याय शोधणे सोडले नाही. १९०१ पासून आलेल्या पाचव्या नमुन्यात चारही आस एकाच फ्रेमला होते, पण टोकाचे दोन आस क्लीन-लिंडनर पद्धतीचे: पोकळ आसाच्या आत दुसरा आस आणि मध्ये चेंडूसारखा सांधा, म्हणजे चाके थोडी वळतात आणि बाजूलाही सरकतात. सॅक्सनीच्या रेल्वेतल्या दोन अभियंत्यांच्या नावाची ही युक्ती महाराष्ट्रातही पोहोचली. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाची ओरेनस्टाइन अँड कॉपेलची जर्मन टँक इंजिने याच आसांवर १ः२० चा घाट चढत होती. सॅक्सनीत मात्र पाचवा नमुना नऊ इंजिनांवरच राहिला.

पुढे पाच चालक आसांची जड, ताकदवान इंजिने आली. ती मुख्य मार्गांवर गेली. हलके रूळ आणि आखूड वळणांच्या मार्गांवर फीअर-काच लागत राहिले. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या रेल्वेने उरलेल्यांपैकी अनेकांना नवे वेल्डिंगचे बॉयलर आणि नव्या फ्रेम बसवल्या. आज ज्याला जुने इंजिन म्हणतात त्यातले बरेच पोलाद म्हणूनच त्या दशकातले असते. वयाची पाटी पाहून फसू नये.

सॅक्सनीतलाच वोल्केनस्टाइन–योश्टाट हा मार्ग १८९२ मध्ये, म्हणजे या इंजिनांच्या पहिल्याच वर्षी सुरू झाला. त्याच्या खालच्या टोकाला नीडरश्मीडेबर्गच्या कारखान्यातले फ्रिज वाहून नेण्याचे काम १९८६ पर्यंत याच इंजिनांनी केले. मग रूळ उखडले गेले. १९९० च्या दशकात रेल्वेप्रेमींनी श्टाइनबाख ते योश्टाट हा सुमारे ८ किलोमीटरचा तुकडा पुन्हा बांधला, आणि तिथे फीअर-का आजही गाड्या ओढतात.