साप चावला कधी, संगणकाला कळलं कधी?

पावसाळ्यात यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचा पेशंट काही नवा नाही. धुऱ्यावरून येताना घोणस चावली, शेजाऱ्याने मोटरसायकलवर मधे बसवून आणला. "किती वाजता चावला?" असं डॉक्टरांनी विचारलं की उत्तर येतं, "दिवेलागणीला." केसपेपरवर तेच उतरतं.

घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. दोन-तीन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त तसंच वाहिलं तर एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष, सुरू. एएसव्ही विषाला निकामी करतं, पण रक्त गोठवणारी प्रथिनं यकृताला नव्याने तयार करावी लागतात आणि त्याला साधारण 6 तास लागतात. म्हणून फेरचाचणी 6 तासांनी. घाई केली तर रक्त गोठलेलं नसणारच, मग गरज नसताना आणखी व्हायल चढतात, आणि एएसव्हीची रिॲक्शन कधीकधी जिवावर बेतते. उशीर केला तर रक्तस्राव चालूच राहतो.

आता यात संगणक आणा. समजा एएसव्ही 1:55ला सुरू झालं. सिस्टरचे दोन्ही हात सलाईनमध्ये अडकलेले, त्यात लाइन गेलेली. नोंद झाली 2:40ला आणि सॉफ्टवेअरने शिक्का मारला 2:40चा. पेनाने 'अंदाजे 2' लिहिलं असतं तर वाचणारा सावध राहिला असता. छापील आकड्यावर कोण शंका घेतो? पेशंट नागपूरला मेडिकलला रेफर झाला की ही पाऊण तासाची चूकही त्याच्यासोबत जाते. खरं तर रकाने दोन हवेत. नोंदीची वेळ यंत्राने टाकावी, घटनेची वेळ माणसाने, आणि तिथे 'अंदाजे' म्हणायची सोय असावी. भिंतीवरच्या रंगीत डॅशबोर्डपेक्षा मला हा रकाना मोलाचा वाटतो.

विषबाधेची नोंद याहून अवघड. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रजिस्टरमध्ये नुसतं 'विषबाधा' लिहिलं, तर फवारणीत औषध अंगावर आलेला आणि औषध प्यायलेला एकाच ढिगात जातात. एकाच तालुक्यातून आठवड्यात फवारणीचे पेशंट वाढलेत हे मग जिल्ह्याला दिसत नाही. 'कसं झालं' हा रकाना त्यासाठी हवाच. पण नेमकी हीच माहिती घरच्यांना गावापासून लपवायची असते, विशेषतः पेशंट लग्नाची मुलगी असेल तर. जिल्ह्याला आकडा, तालुका आणि औषधाचं नाव पुरे. पेशंटचं नाव उपचार करणाऱ्यांपाशीच राहावं. एमएलसी, म्हणजे कायद्याशी संबंधित केस, म्हणून पोलिसांकडे जाणारी माहिती वेगळी, तिची वाट ठरलेली आहे. रेफर चिठ्ठीचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की मात्र तो कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये राहिला, याचा हिशेब कुणीच देऊ शकत नाही.

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जिवावरच्या प्रसंगात संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिली आहे. ते योग्यच, बेशुद्ध माणसाला सही कुठे मागणार? चांगल्या प्रणालीत अशा वेळी डॉक्टर कारण नोंदवून बंद फाइल उघडू शकतो, आणि कोणी, केव्हा उघडली ते मागे राहतं. पण अख्खी कॅज्युअल्टी एकाच लॉगिनवर चालत असेल, तर त्या यादीत रात्रभर एकच नाव दिसणार. ओळखपत्र टेकवताच उघडणारं लॉगिन दिलं तर सिस्टर ते वापरेल. दर पाच मिनिटांनी लांबलचक पासवर्ड मागितला तर तो मॉनिटरवर चिकटवला जाईल, आणि त्यात तिचा दोष नाही.