डिनेरियस

प्राचीन रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात, इ. स. पू. २११ च्या सुमारास ते प्रचारात आले आणि पुढे सुमारे साडेचार शतके रोमन चलनाचा कणा होऊन राहिले. आरंभी त्याचे मूल्य कांस्याच्या दहा ‘अ‍ॅस’ नाण्यांइतके होते. नावातही दहा हाच अर्थ आहे.

प्रजासत्ताकाच्या काळात टांकसाळीचे अधिकारी नाण्यांवर आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरवून घेत. रोमच्या नाण्यावर जिवंत रोमन व्यक्तीचा मुखवटा प्रथम आला तो इ. स. पू. ४४ मध्ये, ज्यूलियस सीझरचा. त्याच्या हत्येनंतर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये दास्यमुक्त गुलामाची टोपी आणि खाली हत्येच्या दिवसाचा (१५ मार्च) उल्लेख आहे. मात्र पुढील बाजूस ब्रूटसचा स्वतःचाच मुखवटा आहे. ज्या प्रथेत राजेपणाचा वास येत होता, ती सीझरच्या मारेकऱ्यालाही टाळता आली नाही.

या छोट्याशा चकतीचे सामर्थ्य रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने पुरते ओळखले होते. इ. स. पू. २८ च्या नाण्यावर मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ हा मुद्रालेख आहे. रोमन सेनापती क्रॅससच्या पराभवात (इ. स. पू. ५३) इराणच्या पार्थियनांनी हिरावलेली सैन्यध्वजचिन्हे इ. स. पू. २० मध्ये वाटाघाटींतून परत मिळाली. नाण्यावर मात्र गुडघे टेकून ध्वज परत करणारा पार्थियन दिसतो. सैनिकांचे वेतन याच चलनात मोजले जात असल्याने असा न झालेला विजयही छावणीछावणीत पोहोचत असे. म्हणून मुद्रालेख हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा मानण्यापेक्षा सम्राटाच्या इच्छेचा, कधी भीतीचाही, पुरावा मानणे अधिक योग्य ठरते. इ. स. ९७ मध्ये ज्या नर्व्हाविरुद्ध त्याच्याच अंगरक्षक दलाने बंड केले, त्याच्या नाण्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात व ‘सैन्यांची एकजूट’ असे शब्द आहेत.

चांदीचा कस मात्र मुद्रालेखाला जुमानत नव्हता. नीरोने इ. स. ६४ मध्ये नाण्याचे वजन रोमन पौंडाच्या १/८४ वरून १/९६ वर आणले व कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्म्यावर आली. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने काढलेल्या अँटोनिनियानस या मोठ्या नाण्याने पुढे डिनेरियसला मागे टाकले, आणि इ. स. २७० च्या सुमारास त्यातही पाच टक्क्यांहून कमी चांदी उरली.

भारतात सापडलेले डिनेरियस बहुतांशी नीरोच्या या बदलापूर्वीचे, ऑगस्टस व टायबीरियस यांचे आहेत. तमिळनाडूतील कोइमतूर परिसरातील साठे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ऑगस्टसने वारस म्हणून दत्तक घेतलेले गेयस व ल्यूशियस हे नातू ढाली आणि भाल्यांसह दाखवणारे नाणे येथे विशेष आढळते. ते दोघेही इ. स. ४ पर्यंत मरण पावले होते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तानुसार भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळत असे.