लोह-फॉलिक अॅसिडची एकत्र गोळी

रक्तक्षय टाळण्यासाठी व बरा करण्यासाठी लोह आणि फॉलिक अॅसिड (फोलेट या ब-गटातील जीवनसत्त्वाचे कृत्रिम रूप) एकाच गोळीतून देण्याची पद्धत. महाराष्ट्रात ही ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून घरोघरी माहीत आहे.

हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते, तर अस्थिमज्जेत रक्तपेशींचे विभाजन नीट होण्यासाठी फोलेट. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. फोलेट कमी पडले की मोठ्या व अपक्व राहतात. दोन्ही उणिवा एकत्र असल्या, तर पेशींचा सरासरी आकार ठीकच दिसतो आणि रक्ताचा अहवाल फसवतो. गरोदरपणात दोन्हींची गरज एकदमच वाढते.

फोलेटच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स इथे आल्या आणि गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला ‘विल्स घटक’ म्हणजेच पुढे ओळख पटलेले फोलेट.

भारतात १९७० पासून या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ अभियानानुसार गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. बाळंतपणानंतरही ती १८० दिवस चालू ठेवायची असते. किशोरवयीन मुलामुलींना हीच मात्रा आठवड्यातून एकदा, निळ्या गोळीतून देतात. बाळाची मज्जारज्जूनलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतात ती नळी) मात्र गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. त्यासाठी नुसते फॉलिक अॅसिड दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावे लागते. लाल गोळी येईपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते.

लोह आणि फॉलिक अॅसिड एकत्र घ्यायला हरकत नसते, पण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. दवाखान्यातून दोन्ही गोळ्या बरोबरच हाती पडतात आणि जेवणानंतर एकाच घोटात गिळल्या जातात. त्यामुळे लोहाचे शोषण घटते. किमान दोन तासांचे अंतर हवे. चहाही लगेच नको. लिंबूपाणी किंवा आवळा चालतो. मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते. शौचाला काळे होते, ते न शोषलेल्या लोहामुळे. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून गोळी सोडते. गोळीने बाळ काळे होते, हा समज निराधार आहे.

ब-१२ जीवनसत्त्व कमी असताना नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते; शाकाहारी व्यक्तींनी म्हणून ब-१२ तपासून घ्यावे. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक) आजारात फॉलिक अॅसिड नेहमी देतात; लोह मात्र तपासणीत कमतरता दिसली तरच. लहान मुलाने या गोळ्या एकदम खाल्ल्या तर जिवावर बेतू शकते, त्यामुळे डबी त्यांच्या हाताला लागू देऊ नये.