हरित सरकारी रोखे आणि त्यातला सामाजिक फायदा

पर्यावरणाच्या कामांसाठी सरकार बाजारातून जे कर्ज उचलतं त्याला हरित रोखे किंवा सरळ ग्रीन बाँड म्हणतात. व्याज, मुदत, परतफेडीची हमी सगळं नेहमीच्या रोख्यांसारखंच, फक्त पैसा कशावर लागणार ते आधी जाहीर करायचं आणि नंतर हिशोब द्यायचा. या हिशोबात नुसता किती टन कार्बन वाचला तेच धरायचं, की कोणाला काम मिळालं, कोणाचं बिल उतरलं हेही, यावर बरीच चर्चा चालते.

ब्रिटनमध्ये सरकारी रोख्याला गिल्ट म्हणतात, म्हणून तिथला हा ग्रीन गिल्ट. पहिला सप्टेंबर २०२१ मध्ये आला, २०३३ पर्यंत मुदतीचा, १० अब्ज पौंडांचा, आणि मागणी आली १०० अब्जांच्या वर! ऑक्टोबरात ६ अब्जांचा दुसरा, २०५३ पर्यंतचा. त्याआधी जूनमध्ये, हा पैसा कशावर लावायचा आणि हिशोब कसा द्यायचा ते सांगणारा आराखडा निघाला, त्यात रोजगारासारखे सामाजिक फायदेही कळवू असं सरकारने लिहून दिलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे.

का, ते अशा पैशातून ऊब टिकवण्यासाठी दुरुस्त होणाऱ्या एका घरावरून कळतं. कमाई बेताची, घर जुनं, भिंतीला ओल, आणि हीटर लावला तरी ऊब छतातून निघून जाते म्हणून हिवाळ्यात सगळे एकाच खोलीत बसतात. माळ्यावर लोकरीसारखा जाड थर अंथरला, भिंतींच्या पोकळ्या भरल्या, की ऊब टिकते, ओल हटते, पोरांचा खोकलाही कमी होऊ शकतो. पण आधी कुडकुडणारं हे कुटुंब आता बाकीच्या खोल्याही गरम ठेवतं, त्यामुळे गॅस वाटला तेवढा वाचत नाही, आणि नुसते टन मोजले तर श्रीमंताच्या बंगल्यावर केलेला खर्च जास्त चांगला दिसतो. म्हणून माणसांचा रकाना वेगळा लागतो.

भारताचा आराखडा नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि २५ जानेवारी २०२३ ला रिझर्व्ह बँकेने पहिला लिलाव केला, ८,००० कोटींचा, ५ आणि १० वर्षांचे रोखे. सौर, पवन, स्वच्छ वाहतूक अशी कामं यात बसतात, कोळसा बसत नाही, ते बरोबरच आहे. पण उद्या कोळसा कमी होत गेला की चंद्रपूरच्या खाणीतल्या, औष्णिक केंद्रातल्या कंत्राटी कामगाराला नवीन काम शिकवायचा खर्च कुठून येणार, तो याच पैशातून व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि किती जणांना खरंच काम लागलं तो आकडा टनांच्या शेजारीच छापावा.