ट्रिगर डिसिप्लिन (पिस्तुलाच्या ट्रिगरवरचं बोट)

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हातात असताना तर्जनी ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) बाहेर, फ्रेमला (पिस्तुलाच्या सांगाड्याला) लावून सरळ ठेवायची आणि नेम धरून गोळी झाडायचं पक्कं ठरलं की मगच आत न्यायची, या सवयीला ट्रिगर डिसिप्लिन म्हणतात. (मराठीत ट्रिगरला कुणी चाप म्हणतं कुणी घोडा, पण घोडा म्हणजे खरंतर मागून आपटणारा हॅमर, म्हणून इथे सरळ ट्रिगरच लिहिलंय.)

अमेरिकेतले प्रशिक्षक जेफ कूपर, ज्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात गनसाइट ही शाळा काढली, त्यांनी हाताळणीचे चार नियम रुजवले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीच नको, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, आणि समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. यातला तिसरा सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण पिस्तुलाची मूठ धरली की बोट आपोआप ट्रिगरवरच जातं, तिथे न जाणं शिकावं लागतं.

आणि "मी दाबणारच नाही ना" एवढं पुरत नाही. रॉजर एनोका या शरीरशास्त्रज्ञाने नकळत बोट आवळलं जाण्याची तीन कारणं मांडलीत: अचानक दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने जोर लावला की दुसरा हातही आवळला जाणं. दचकलेला माणूस विचार करून मूठ आवळत नाही! बऱ्याच पिस्तुलांचा ट्रिगर साधारण २ ते ३ किलोच्या जोराने सुटतो आणि घाबरलेल्या हातात त्याहून कितीतरी जास्त ताकद येते. ग्लॉकसारख्या पिस्तुलांना तर अंगठ्याने लावायचा सेफ्टी खटकाच नसतो, त्यांची सेफ्टी ट्रिगर दाबला की सुटते, म्हणजे सगळी भिस्त बोटावरच.

बोट गार्डच्या कडेवर टेकवून ठेवलं तर झटक्यात आत घसरू शकतं, म्हणून थोडं वर, फ्रेमवर किंवा स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) बाजूला ठेवलेलं बरं. झाडताना मात्र पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर ठेवून सरळ मागे दाबायचं, जड ट्रिगरच्या रिव्हॉल्व्हरला काहीजण पहिल्या सांध्याची घडी वापरतात.

पिस्तूल रिकामं करतानाचा क्रम चुकवू नये. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग चेंबर (नळीच्या मागची, झाडायचं काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. स्लाइड आधी ओढली तर ती पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि नंतर मॅगझिन काढलं तरी ते तिथेच बसून राहतं, रिकामं समजलेलं पिस्तूल सुटतं ते बऱ्याचदा असंच.

होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) परत ठेवताना घाई कशालाच नसते. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकली तरी गोळी सुटते, म्हणून बघून, हळू ठेवायचं. आणि पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नये, पडू द्यावं, झेलताना बोट नेमकं ट्रिगरमध्येच जाऊ शकतं.